रंगाचं नंतर बघू

यवतमाळ

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

ताईचा फोन आला होता. दारव्ह्याच्या वाड्यात पडलेली जीप तू घरी ओढून आणलीस आणि रंग कोणता द्यायचा यावर मित्रांच्या बैठका सुरू आहेत म्हणे. रंगाला अजून वर्ष आहे, लेका.

गाडी सीजे-३बी आहे, उंच बॉनेटची. जीपचा आपल्याकडचा जन्मच खोक्यांतून झालेला. १९४९ साली महिंद्रने अमेरिकेतल्या विलीज कंपनीकडून सुट्या भागांत ७५ गाड्यांची पहिली खेप मागवली आणि मुंबईत माझगावला जोडली. ३बी तिकडे १९५३ ला आली, १९६८ ला बंद पडली. आपल्याकडे मात्र पुढेही बरीच वर्षं बनत राहिली. म्हणून सामान अजून मिळतं. पण खोलायला सोपी गाडी पोत्यांत भरून राहण्याचा धोकाही तेवढाच. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घे. नटबोल्ट त्या-त्या डब्यात, वर चिठ्ठी.

पाना हातात घेण्याआधी आरसी पुस्तक बघ. चेसिस नंबरावरची माती काढ, कागद ठेवून पेन्सिल घास, आणि उमटलेला आकडा पुस्तकाशी एकेक करून ताडून बघ. जुळला नाही तर एक रुपयाही लावू नकोस. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली व्हिंटेजचे नियम आले. त्यात नोंदणी दहा वर्षांची मिळते. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर काढायची. तुला तर ती शेतावर न्यायची आहे. तेव्हा आरटीओत जाऊन साध्या नोंदणीचं नूतनीकरण होतं का ते विचार.

मग चेसिस. आपली काळी माती ओली झाली की चिकटते, आणि क्रॉस मेंबरच्या सांध्यात एकदा बसली की उन्हाळ्यातही आतून ओल धरून ठेवते. वरून रंग शाबूत, आत पापुद्रे. प्रेशरने धुऊन घे आणि स्क्रू ड्रायव्हरने टोचत जा. कमानपाट्यांचे हँगर जिथे जोडलेत तिथे जास्त. टोक आत गेलं तर तेवढा पत्रा कापून त्याच जाडीचा नवा बसवायचा. लांबी भरून गुळगुळीत करणारे कारागीर भेटतील. त्यांना चहा पाजून परत पाठव.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिला भोक असलं तर तिथल्या तिथे वेल्डिंग अजिबात करू देऊ नकोस. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, आतली वाफ पेटते. काढून, नीट धुऊन, जाणत्या माणसाकडेच दे.

इंजिनाबद्दल सगळं गाव सांगेल, पेट्रोल परवडत नाही, डिझेल टाक. टाकू नकोस. इंजिन बदलायला आरटीओची आधी परवानगी लागते, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये सांगितलंय. शिवाय जड इंजिन ठेवलं की पुढच्या कमानी बसतात. तुझ्या गाडीचं हरिकेन इंजिन जरा वेगळं आहे: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडात, एक्झॉस्ट खाली ब्लॉकात. नवखा मेकॅनिक वरचे टॅपेट लावून हात पुसतो. खालचे चारही टॅपेट बाजूच्या झाकणामागे तसेच राहतात आणि मग इंजिनात दम नाही म्हणून बोअर करायला निघतो. इंजिन थंड असताना वर अठरा थाऊ (म्हणजे इंचाचे हजारावे भाग), खाली सोळा. फीलर गेज किंचित ओढ लागून सरकलं पाहिजे. सैल गेलं तरी चूक, अडलं तरी चूक. हे झाल्यावर कॉम्प्रेशन बघ. खोलायचं की नाही ते त्यानंतर.

ब्रेकच्या बाबतीत चिकटपणा नको. एकच मास्टर सिलिंडर चारही चाकांना तेल पुरवतो. एका चाकाशी गळती झाली की सगळे ब्रेक गेले. रबरं, पाइप, व्हील सिलिंडर सगळं नवं टाक. पैसे कमी पडले तर हूड आणि सीट राहू दे. मंडी डबवालीच्या सजवलेल्या जीपांचे व्हिडिओ बघून रुंद टायर मात्र घेऊ नकोस. सहाशे-सोळाचेच ठेव, स्टिअरिंग हाताने वळतं तरी राहील.

मी दिवाळीनंतर येतो. फीलर गेज माझं आणतो, तू विकत घेऊ नकोस. तोवर चेसिस धुऊन ठेव आणि पेन्सिलीचा ठसा मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. ताईला नमस्कार.

तुझा,
मामा