नव्या सांध्याला सजग मनाची साथ

मुळशी खोऱ्यातील भातलावणी वाकूनच करावी लागते. चिखल, खाचरांचे चढउतार आणि डोक्यावरील ओझी यांत हयात गेलेल्या माणसांचे गुडघे उतारवयात साथ देईनासे होतात. पौडपासून पुण्याची रुग्णालये फार दूर नाहीत, आणि सांधारोपणही आता अपूर्वाईचे राहिलेले नाही. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. मात्र खरी कसोटी लागते ती रुग्ण घरी परतल्यावर.

सांधा नवा बसला, तरी भोवतालचे स्नायू दुबळेच असतात. गुडघा रोज नेमाने वाकवावा व सरळ करावा लागतो. तो दुखतो; त्या धास्तीने रुग्ण पाय आखडून धरतो, व्यायाम टाळतो आणि सांधा ताठरत जातो. घरची माणसेही मायेपोटी ‘आजचा दिवस राहू द्या’ म्हणतात! या धास्तीवर सजगतेचा अभ्यास उपयोगी पडतो.

ही साधना आपणांस परकी नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवण्याचा आनापानाचा अभ्यास इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिकविला जातो. बौद्ध परंपरेतील अशा साधनेला डॉ. जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात १९७९ पासून रुग्णांसाठी आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे रूप दिले. मेलबर्न येथे मानसिक ताण असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी असेच शिक्षण देण्यात आले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, गुडघारोपण झालेल्यांची वेदना व हालचाल वर्षअखेरीस इतरांपेक्षा अधिक सुधारलेली आढळली. म्हणजे सुरुवात शस्त्रक्रियेची तारीख ठरताच करणे श्रेयस्कर.

ध्यान म्हटले की आपल्याकडे मांडी घालून बसण्याची सवय आहे. नव्या गुडघ्याला ती मानवत नाही. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसून पावले जमिनीवर ठेवावीत. बसवत नसेल तर पडूनही चालेल. दहा मिनिटे श्वास न्याहाळावा. मग पाय वाकविताना ताण नेमका कोठे जाणवतो, तो वाढतो की ओसरतो, हे पाहावे. मन ‘आता टाके तुटणार’ असे म्हणू लागले, तर तो विचार आहे एवढे ओळखून श्वासाकडे परतावे. गोळ्या व फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम चालूच ठेवावा.

येथे एक भेद आशा कार्यकर्तीने व घरच्यांनी जाणून घ्यावा. व्यायामाचा ताण न्याहाळण्याजोगा असतो. पोटरीची दुखरी सूज, ताप, जखमेतून येणारा स्राव किंवा एकाएकी लागलेली धाप न्याहाळत बसण्याजोगी नसते. अशा वेळी रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. पावसाळ्यात वाडीपर्यंत वाहन पोहोचत नसेल, तर त्याची तजवीज शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी.