नाईलच्या काठाने

मुलांनो, औंढ्याच्या यात्रेस जावयाचे तरी आपण दिवस, वाट व शिदोरी आधी ठरवितो. मग इजिप्तमधील तीन आठवड्यांच्या प्रवासाची आखणी कशी करावी बरे?

दक्षिणेकडील उन्हाळा असह्य असतो. म्हणून हिवाळा निवडावा. नाईल उत्तरेकडे वाहते. आपण उत्तरेच्या कैरोहून निघून तिच्या प्रवाहाविरुद्ध जाऊ. पहिल्या आठवड्यात ९६९ साली वसलेले कैरो, तेथील अल्‌-अझर मशीद आणि जवळचे साडेचार हजार वर्षांचे पिरॅमिड पाहू. दुसऱ्या आठवड्यात लक्झर येथील कर्नाकची मंदिरे व राजांची दरी. तिसऱ्यात आस्वान आणि अबू सिंबेल.

अबू सिंबेलला मात्र घाई करू नये. आस्वानच्या नव्या धरणात तेथील दोन मंदिरे बुडणार होती. १९६४ ते १९६८ या काळात ती कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. नुबियन लोकांची गावे मात्र पाण्याखाली गेली. आपल्या जिल्ह्यातही पूर्णेवर सिद्धेश्वर धरण आहे. धरणाच्या पाण्याने शेते पिकतात, पण त्यासाठी कोणाला तरी आपली जमीन सोडावी लागते. म्हणून तेथे उभे राहून वाचलेली मंदिरे पाहावीत आणि बुडालेली गावेही आठवावीत.