नर्सचे हात आणि पहिली चार मिनिटं

पिंपरीतलं महापालिकेचं वायसीएम रुग्णालय असो की चाकणमधलं छोटं हॉस्पिटल, रात्री वॉर्डात रुग्णाजवळ बहुतेकदा आधी पोहोचते ती नर्स. रुग्ण हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके, मानेची नाडी 10 सेकंदांत लागत नाही. म्हणजे हृदय थांबलं. ती 'कोड ब्लू' पुकारते आणि डॉक्टरांची वाट न बघता छाती दाबू लागते. मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंमी खोल. दुसरी नर्स डिफिब्रिलेटर आणते, तिसरी वेळ आणि औषधं लिहून ठेवते. दर 2 मिनिटांनी दाबणारी बदलते, कारण थकलेले हात वरवर दाबतात. रक्त न मिळाल्यास साधारण 4 मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. लक्षात ठेवा, तोवर मेंदूला रक्त पोहोचवतात ते हे हातच.