साखरेचा हिशेब

(मंडळ्यांच्या अभ्यासासाठी. वाचनास शास्त्रभाग : आमोस ८:४-७, याकोब ५:१-६.)

विकणाऱ्याने मापात खोट करू नये, हे आमच्या मंडळ्यांत लहान मुलासही ठाऊक आहे. खोट्या तागडीवर आमोस संदेष्ट्याने केलेला कोप उपदेशक वारंवार वाचून दाखवितात. परंतु विकत घेणारा पुरे पैसे मोजून माल घरी आणतो, तेव्हा त्याजकडे काही दोष उरतो की काय, हे क्वचितच कोणी विचारतो. दाम दिला म्हणजे घेणारा सुटला, असा सर्वसाधारण समज आहे. ह्या समजाची मोठी परीक्षा सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंड देशात झाली, आणि ती साखरेवरून झाली.

त्या काळी इंग्लंडात येणारी बहुतेक साखर वेस्ट इंडीज बेटांतली असे, व तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. १७९१ च्या एप्रिल महिन्यात विल्यम विल्बरफोर्स यांनी गुलामांचा व्यापार बंद करण्याविषयी पार्लमेंटात प्रस्ताव आणिला. तो ८८ विरुद्ध १६३ मतांनी पडला. सभासदांनी ऐकले नाही, तेव्हा त्याच वर्षी लंडनातील पुस्तकविक्रेता विल्यम फॉक्स याने एक लहानशी पुस्तिका काढून तोच प्रश्न लोकांच्या चहाच्या पेल्याजवळ नेला. त्याचे म्हणणे असे की, आम्ही साखर घेतो म्हणून मळेवाला गुलाम राबवितो. तेव्हा ह्या पापाचे चाक घेणाराच फिरवितो. त्याने हिशेबही मांडला : आठवड्यास ५ पौंड साखर आणि त्या मानाने रम खपविणारे कुटुंब २१ महिने ती वर्ज्य करील, तर एक मनुष्य गुलामगिरीतून अथवा मृत्यूतून वाचेल. हे आकडे अगदी काटेकोर होते असे आम्ही म्हणत नाही. तथापि घरातल्या साखरेच्या डब्यातून दूरच्या मनुष्याच्या जिवाचे माप काढता येते, हे त्याने घरोघरच्या बायकांस उमजेल अशा रीतीने दाखविले, आणि हे काम लहान नव्हे.

थॉमस क्लार्कसन यांनी देशभर फिरून अदमास केला की, सुमारे ३,००,००० माणसांनी साखर सोडली आहे. स्त्रियांस मताचा अधिकार नव्हता. पण घरात काय यावे हे पुष्कळ ठिकाणी त्यांच्या हाती होते, आणि तो हात त्यांनी आखडला. लेस्टर गावी तेव्हा विल्यम केरी हे पाळक होते. पुढे बंगालमधील श्रीरामपुरास राहून ज्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापिले, तेच हे केरी. १७९२ च्या आपल्या निबंधात त्यांनी लिहिले की, ज्या कुटुंबांनी ही साखर सोडली त्यांचे हात तर रक्तापासून शुद्ध झालेच, शिवाय आठवड्यास कोणाचे सहा पेनी, कोणाचा एक शिलिंग वाचला. ती बचत सुवार्तेच्या कामी यावी अशी त्यांची सूचना होती. पाळकाची नजर पैशावर असते ती अशी असावी!

पण एवढ्याने मळे बंद पडले नाहीत. १७९३ साली फ्रान्सशी युद्ध सुरू झाले आणि हा उत्साह ओसरला. व्यापार बंद झाला तो १८०७ साली, कायद्याने. १८२४ साली त्याच लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक ह्या बाईंनी साखरवर्जनाची हाक पुन्हा दिली. पुढे १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी उठली; परंतु २ कोटी पौंडांची भरपाई मळेवाल्यांस मिळाली, राबलेल्यांस एक छदामही नाही. ह्याच वर्षांत गुलामांच्या श्रमाची नव्हे म्हणून हिंदुस्थानची साखर विकली जात असे, व तसे शब्द साखरेच्या भांड्यांवरही लिहीत. कंपनीच्या मुलखात गुलामगिरीचा कायदेशीर आधार मात्र १८४३ साली काढला गेला. भांड्यावर लिहिलेले सगळेच खरे मानू नये.

आता सर्वांत कठीण गोष्ट. ज्या राष्ट्राने आपले गुलाम सोडविले, त्याच राष्ट्राने १८४६ साली परदेशी साखरेवरील जादा जकात टप्प्याटप्प्याने उठविण्याचा कायदा केला. मग क्यूबा व ब्राझील येथील गुलामांची स्वस्त साखर इंग्लंडात खुशाल येऊ लागली. क्यूबात गुलामगिरी १८८६ पर्यंत व ब्राझीलात १८८८ पर्यंत होती. लोकांचे मत पालटले नव्हते. विचारले असते तर गुलामगिरी वाईट असेच ते म्हणाले असते. भाव उतरला, एवढेच झाले.

इकडे मॉरिशसच्या मळ्यांवर १८३४ पासून हिंदुस्थानचे करारबद्ध मजूर गेले, त्यांत मराठी लोकही होते. आज आमच्याच महाराष्ट्रात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून नवराबायकोचा कोयता मुकादमाची उचल घेऊन दरवर्षी ऊसतोडीस निघतो. दिवस बुडाला की खाडा पडतो. बीडमधील पुष्कळ ऊसतोड बायकांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली उघड झाले, आणि शासनास नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पाळीच्या दुखण्याने खाडा पडू नये, ह्या भीतीचेही ते फळ होते, अशी त्या बायकांची कैफियत होती.

तर आम्हीही साखर सोडावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. आम्ही साखर टाकली तर आधी तोडणाऱ्याचीच मजुरी जाईल. शिवाय वाण्याच्या पोत्यावर टोळीचे नाव नसते. फॉक्सचा उपाय येथे जसाच्या तसा लागू पडत नाही, त्याचा प्रश्न मात्र पडतो. आमच्या मंडळ्यांत ऊस लावणारे, तोडणारे व साखर घेणारे असे तिघेही एकाच सतरंजीवर बसतात. ज्याच्या शेतात टोळी उतरते त्याला विचारता येते की, कोप्यांजवळ पिण्याचे पाणी आहे काय, रात्री बायांना आडोशासाठी किती लांब जावे लागते, आणि त्यांची मुले हे सहा महिने कोणत्या शाळेत बसतात. उपदेशकांनी हा पाठ हंगामाच्या आधी, टोळ्या गावात येण्यापूर्वी घ्यावा. टोळीतील कोणी उपासनेस आले तर त्यांनाच आधी बोलू द्यावे.