मूल कोणाचे?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमचा एक जुना विद्यार्थी सकाळीच घरी आला. ओट्यावर बसला, पण तोंड उघडेना. चहा झाला तेव्हा हळूच म्हणाला, "गुरुजी, पोराला ताप आला म्हणून तालुक्याला नेलं. तिथं रक्त तपासलं. माझा गट ए, बायकोचा बी, अन् पोराचा ओ! हे कसं हो? चार दिवस झाले, मी तिच्याशी बोललो नाही."

आम्ही म्हटले, "अरे, अर्ध्या माहितीवर घर मोडू नकोस. ती पाटी आण पाहू."

त्याला सांगितलेला धडाच आज आम्ही तुम्हांला सांगतो.

रक्तगट काय सांगतो?

प्रत्येकाजवळ रक्तगटाच्या दोन चिठ्ठ्या असतात, असे समजा. एक आईने दिलेली, एक बापाने दिलेली. ए आणि बी या चिठ्ठ्या उघड दिसतात. ओ ही चिठ्ठी त्यांच्याआड लपते. बापाजवळ ए आणि ओ असल्या, तर त्याचा गट ए ठरतो. आईजवळ बी आणि ओ असल्या, तर तिचा गट बी ठरतो. दोघांनीही आपली ओ चिठ्ठी मुलाला दिली, की मुलाचा गट ओ! यात आईचा दोष कोठे आला?

रक्तगटावरून 'हाच बाप' असे कधीच ठरत नाही. 'हा बाप नसावा' एवढे मात्र काही वेळा कळते. रंग, नाक, डोळे यांचेही तसेच. नात कधी आजीच्या वळणावर जाते, कधी पणजीच्या. चेहरा हा पुरावा नव्हे.

मग खरे कसे कळते?

आपले शरीर बारीक पेशींचे बनले आहे. पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. त्याच्या ४६ गुंडाळ्या असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. २३ आईकडून येतात, २३ बापाकडून. या धाग्यावर काही जागी एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो, हे माणसागणिक वेगळे असते. प्रयोगशाळा तेच मोजते.

पाटीवर असे लिहा. एका जागी मुलाचे आकडे १२ आणि १५. आईचे १२ आणि १४. म्हणजे १२ आईकडून आला. मग १५ बापाकडूनच यायला हवा. आता त्या पुरुषाचे आकडे पाहा. त्यात १५ आहे का?

पण १५ हा आकडा गावात आणखीही कितीतरी जणांचा असेल. म्हणून एका जागेवर निकाल देत नाहीत. पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त जागा तपासतात. सगळीकडे जुळले, तर तो बाप असल्याची शक्यता सहसा शेकडा ९९.९ पेक्षा जास्त येते. अनेक जागी जुळले नाही, तर तो बाप नव्हे. यासाठी रक्तच काढावे लागते असे नाही. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली तरी पुरते.

ही युक्ती १९८४ साली इंग्लंडातील लेस्टर येथे अॅलेक जेफ्रीज यांना सापडली. १९८५ साली ती पहिल्यांदा उपयोगी पडली ती एका मायलेकरांना. मुलगा घानाहून इंग्लंडात आईकडे परतला होता. 'हा तिचा मुलगाच नव्हे' अशी अधिकाऱ्यांना शंका होती. तपासणीने तो तिचाच ठरला. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी हे काम उभे केले. केरळात एका स्त्रीने मुलाच्या पोटगीसाठी दावा केला होता. पुरुष 'मूल माझे नाही' म्हणत होता. हैदराबादच्या तपासणीने ते त्याचेच ठरले.

कायदा काय म्हणतो?

लग्नसंबंध चालू असताना जन्मलेले मूल कायदा नवऱ्याचेच मानतो. नुसत्या संशयावरून कोर्ट तपासणीचा हुकूम देत नाही. उठसूट मुलांची अशी तपासणी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ सालीही बजावले. कारण निकाल काहीही लागो, डाग बसतो तो लेकरावर.

आमचा विद्यार्थी पाटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तपासणी करून घेऊ का?"

आम्ही विचारले, "कशासाठी? तुझी शंका रक्तगटाची होती. ती फिटली ना?"

"फिटली. पण आता तिला काय सांगू?"

"पाटी घरी ने. आम्ही शिकवले तसे तिला समजावून सांग. त्याआधी, चुकलो म्हण."

पाटी काखेत मारून तो गेला. ती पाटी अजून परत आलेली नाही. आम्हीही मागितली नाही.

उत्तरे द्या

१. आईचा गट बी आणि बापाचा ए असताना मुलाचा गट ओ कसा येतो?
२. एकच जागा तपासून निकाल का देत नाहीत?
३. तुमच्या शेजाऱ्याला अशी शंका आली, तर तुम्ही त्याला काय सांगाल?