खुराक तसे पीक – जंतूंचेही



दातिवऱ्याची खारी माती असो की आपली काळी, बुरशी मारणारे द्रव्य बनविणारे जीवाणू तीत असतात. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने १९६० च्या दशकात हॅमायसीन हे बुरशीनाशक औषध काढले, ते अशाच जीवाणूपासून. त्याचे नावही पिंपरीवरून, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

पण नुसता जीवाणू सापडून भागत नाही, सारे खुराकावर. साखर एकदम भरपूर दिली की जंतू फोफावतात, द्रव्य मात्र बहुधा कमीच. उशिरा युरिया दिलेला ऊस हिरवागार दिसतो, पण उतारा घटतो, तसेच हे. म्हणून सावकाश पचणारा स्टार्च, सोयापेंड वापरतात. आपली मळी स्वस्त खरी, पण ती थोडी थोडी घालावी. आणि मोजावे ते द्रव्य, नुसती वाढ नव्हे.