संगणक ठरवणार, तर डॉक्टर कशाला?

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीला तोंडाचा कॅन्सर निघाला आहे. सुदैवाने अगदी सुरुवातीचा आहे. हॉस्पिटलमध्ये विचारलं, ‘ट्रायलमध्ये भाग घ्याल का?’ दोन उपचार आहेत आणि ताईला त्यातला कोणता मिळणार हे संगणक ठरवणार, चिठ्ठी टाकल्यासारखं. एवढी वर्षं शिकलेले डॉक्टर स्वतः का ठरवत नाहीत? आमचे दाजी म्हणतात, आपल्या माणसावर प्रयोग करू द्यायचा नाही. मला खरंच जाणून घ्यायचं आहे, ही चिठ्ठी टाकतात तरी कशासाठी?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या ताईंना लवकर बरं वाटो. तुम्ही विचारलंत ते फार चांगलं केलंत. संमतीपत्रावर सही करणाऱ्या अनेकांच्या मनात हा प्रश्न असतो, आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारायचा राहून जातो.

दोन उपचारांपैकी कोणता सरस हे डॉक्टरांना ठाऊक असेल आणि तरीही ते चिठ्ठी टाकत असतील, तर ते घोर पाप आहे आणि दाजींचं म्हणणं पूर्ण बरोबर. चिठ्ठी टाकायची मुभा एकाच परिस्थितीत असते : जाणत्या डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, दोन्ही बाजूंकडे कारणं आहेत, पण पक्का पुरावा कुणाकडेच नाही. अशा वेळी ट्रायलच्या बाहेरही एक प्रकारे चिठ्ठीच पडत असते. तुम्ही कोणत्या गावात राहता, कोणत्या सर्जनकडे जाता, ते कुणाच्या हाताखाली शिकले, यावर उपचार ठरतो. त्या चिठ्ठीची नोंद कुठे होत नाही, त्यामुळे तिच्यातून पुढच्या रोग्याला काही मिळत नाही.

मग डॉक्टरांनी आपल्या अंदाजाने निम्म्या लोकांना एक उपचार आणि निम्म्यांना दुसरा द्यावा, संगणक कशाला? तुमच्याकडचंच उदाहरण घ्या. उसाचं नवं बेणं कुणी कृष्णाकाठच्या काळ्या रानात लावलं आणि जुनं बेणं माळावरच्या मुरमाड तुकड्यात, तर वजनकाट्यावर जो फरक दिसेल तो बेण्याचा की रानाचा? इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञापुढे हाच पेच होता. कोणत्या वाफ्यात काय लावायचं हे चिठ्ठीनेच ठरवावं, अशी शिस्त त्यांनी घालून दिली. रोग्यांच्या बाबतीतही तसंच होतं. डॉक्टर कितीही सचोटीचा असला तरी नवं औषध नकळत धडधाकट रोग्याला देतो, किंवा कणव येऊन ज्याची आशा संपत आली त्याला देतो. दोन्हीकडे औषधाचा हिशेब बिघडतो. संगणकाला ना कणव येते, ना आशा वाटते. इथे तेच कामाचं ठरतं.

औषधांच्या बाबतीत ही शिस्त नीट पाळली गेली ती टीबीच्या एका चाचणीत, आणि ती गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत सापडलं. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलर नव्हते, त्यामुळे औषध अगदी थोडं आलं. सगळ्यांना पुरणार नाही हे उघड होतं. तेव्हा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ठरवलं की औषध पुरणारच नाही, तर निदान त्यातून खात्रीचं उत्तर तरी मिळवू. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी बंद पाकिटं तयार केली. रोगी चाचणीत घ्यायचा हे नक्की झाल्यावरच पाकीट उघडायचं. आत लिहिलेलं असे : औषध आणि विश्रांती, किंवा नुसती विश्रांती. दोन्ही फुप्फुसं पोखरलेले १०७ तरुण रोगी त्यात होते. छातीचे एक्स-रे ज्यांनी तपासले त्यांना कोणता एक्स-रे कोणत्या गटातला हे माहीत नव्हतं.

निकाल १९४८ साली छापून आला. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले, विश्रांतीवरच्या ५२ जणांपैकी १४. पण मला त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो. नुसत्या विश्रांतीवर असलेल्या चौघांच्या एक्स-रेतही लक्षणीय सुधारणा दिसली होती. त्या चौघांना कुणी एखादा काढा दिला असता, तर त्या काढ्याची कीर्ती गावोगावी पसरली असती, आणि सांगणारा मनापासून खरंच बोलत असता. काही रोगी आपोआप सुधारतात. तुलनेला दुसरा गट असेल तरच हे लक्षात येतं.

पुढे आणखी एक गोष्ट घडली. स्ट्रेप्टोमायसिनला टीबीचे जंतू काही महिन्यांतच सरावले आणि पाच वर्षांनी पाहिलं तर दोन्ही गटांतल्या मृत्यूंमध्ये फारसं अंतर उरलं नव्हतं : ५५ पैकी ३२ आणि ५२ पैकी ३५. एकटं औषध पुरत नाही, दोन-तीन एकदम द्यावी लागतात, हा धडा त्यातून मिळाला. आज टीबीच्या रोग्याला एका वेळी अनेक औषधं देतात त्याचं मूळ हे आहे.

तुम्ही मिरजेचे, म्हणून पुढची गोष्ट तुमच्या जवळची. वानलेसवाडीचं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना माहीत असेल. त्या काळी टीबी झाला की मोकळी हवा, सकस जेवण आणि महिनोन् महिने खाट, हाच मार्ग मानला जाई. देशात रोगी लाखोंनी आणि खाटा मूठभर. १९५६ साली मद्रासमध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून चाचणी सुरू केली. शहरातल्या गरीब वस्तीतले रोगी घेतले, चिठ्ठीने दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवून औषधं, दुसऱ्याला तीच औषधं घरी. घरच्या गटाचं जेवण निकृष्ट, जागा दाटीची, विश्रांती कमी. वर्षअखेरीस मात्र त्यांचे निकाल सॅनेटोरियमच्या गटाच्या जवळपास आले. घरातल्या इतर माणसांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढलेला दिसला नाही.

१९५९ साली हे प्रसिद्ध झालं आणि जगभर टीबीचा उपचार खाटेवरून घरी आला. आईला लेकरांपासून वर्षभर तोडायची गरज नाही, कमावत्या माणसाची नोकरी जायला नको, हे मद्रासच्या त्या गोरगरीब रोग्यांनी सिद्ध करून दिलं. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत, याची मला फार रुखरुख वाटते.

आता तुमच्या ताईंच्या आजाराकडे येऊ. सुरुवातीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये तोंडातली गाठ काढतात, हे ठीक. पण मानेत काही लागत नसेल तर तिथल्या ग्रंथी त्याच वेळी काढायच्या, की लक्ष ठेवायचं आणि गाठ आली तरच काढायच्या? यावर जगभरचे सर्जन कित्येक दशकं भांडत होते. एक बाजू म्हणे, आताच काढा, रोग तिथे लपलेला असतो. दुसरी म्हणे, बहुतेकांच्या ग्रंथी निरोगी निघतात, विनाकारण खांदा दुखावेल. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठीने गट पाडून चाचणी घेतली. पहिल्या ५०० रोग्यांचा हिशेब २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी, आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आज ताईंचे सर्जन मानेबद्दल जे ठामपणे सांगतील, त्यामागे हे ५०० जण आहेत, आणि ते बहुतेक आपल्याच देशातले, तंबाखूपायी या आजारात सापडलेले.

इथे दाजींची शंका पुन्हा डोकं वर काढेल, आणि काढायलाच हवी. वाट पाहणाऱ्या गटातली काही माणसं दुसऱ्या गटात असती तर वाचली असती. हे खरं आहे आणि ते गोड शब्दांत झाकू नये. चाचणी सुरू झाली तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि बाहेर हजारो लोकांना तोच ‘वाट पाहू’ उपचार रोज मिळत होता. म्हणूनच चांगल्या चाचणीवर एक स्वतंत्र देखरेख समिती असते. ती मधल्या टप्प्यावर आकडे उघडून पाहते आणि एक गट स्पष्टपणे मागे पडताना दिसला तर चाचणी थांबवायला सांगते. टाटाची ही चाचणी अशाच समितीच्या शिफारशीवरून ठरल्यापेक्षा आधी थांबवण्यात आली. तुम्हीही विचारा : या ट्रायलवर अशी समिती आहे का, आणि ती केव्हा केव्हा आकडे पाहणार आहे?

आणि चिठ्ठी न टाकता उपचार सुरू केला तर काय होतं, ते आपण कोविडमध्ये अनुभवलं आहे. प्लाझ्मासाठी लोकांनी रात्ररात्र फोन केले, दाते शोधले, पदरमोड केली. आप्तांसाठी केलेली ती धडपड आठवली की आजही गलबलतं. त्याच काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर रीतसर चाचणी घेतली. आजार बळावणं किंवा मृत्यू, दोन्ही मिळून प्रमाण प्लाझ्मा दिलेल्यांत १९ टक्के, न दिलेल्यांत १८. म्हणजे उपयोग शून्य. हा निकाल २०२० च्या ऑक्टोबरमध्येच छापून आला होता, तरी उपचारांच्या राष्ट्रीय सूचनांमधून प्लाझ्मा वगळायला २०२१ चा मे उजाडला. मधल्या दुसऱ्या लाटेत किती घरांनी त्यापायी धावाधाव केली असेल!

ताईंना नुसतं मिठाचं पाणी देऊन फसवतील का, ही भीती असेल तर ती सोडा. चालत आलेला चांगला उपचार उपलब्ध असताना कॅन्सरच्या रोग्याला तो नाकारून पाण्याची सुई देणं नीतीला धरून नाही. बहुतेक वेळा तुलना आजच्या उपचाराशी असते, किंवा आजच्या उपचारात काही भर घालून. ट्रायल कोणत्या टप्प्याची आहे तेवढं मात्र विचारा. पहिल्या टप्प्यात थोड्या माणसांवर औषध सोसतं का आणि किती मात्रेपर्यंत, एवढंच पाहतात. बरं होण्याची आशा तिथे धरू नये. तिसऱ्या टप्प्यात शेकडो-हजारो रोग्यांवर रूढ उपचाराशी तुलना होते. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही तिसऱ्या टप्प्यातली असावी.

प्रयोग या शब्दाला लोक बिचकतात त्याला कारण आहे. मघाशी सांगितलेल्या १९४८ च्या चाचणीत विश्रांतीवरच्या रोग्यांना आपण चाचणीत आहोत हे सांगितलंच नव्हतं. ती माणसं अंधारात होती. आपल्याकडे २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस शाळकरी मुलींना देण्याचा प्रकल्प झाला. अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या. लस चांगली आहे आणि मुलींना ती द्यावी असंच मी म्हणेन. पण संमती अशी घ्यायची नसते, आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढे २०१९ साली नवी औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमावली आली. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई त्यात बंधनकारक आहे. परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, सामान्य नागरिक आणि किमान एक स्त्री सदस्य असावी लागते. तिच्याशी संपर्क कसा साधायचा हे संमतीपत्रावर असतं. तिथे बेलाशक फोन करा.

ताईंनी संमतीपत्र मराठीत मागावं आणि घरी आणावं. दाजींनाही वाचायला द्या, कारण त्यांचेच प्रश्न सर्वांत उपयोगी पडतील. ट्रायलला ‘नाही’ म्हटलं तर ताईंना नेमका कोणता उपचार मिळेल, हे आधी विचारा. या एका उत्तरावरून बाकीचं बरंच समजतं. जादा तपासण्या आणि मुंबई-पुण्याच्या फेऱ्या यांचा खर्च कोण देणार, तेही लिहून घ्या. भारतात क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. नंबर सीटीआरआय या अक्षरांनी सुरू होतो आणि तो टाकला की कुणालाही चाचणीची माहिती फुकट पाहता येते. नंबर द्यायला कुणी टाळाटाळ केली तर सही करू नका.

सही केल्यानंतरही ताई कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतात, आणि त्यामुळे त्यांचा नेहमीचा उपचार अडवता येत नाही. दाजींना हे आवर्जून सांगा.